मुक्तीनंतरची बारा वर्षे

सन १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील भल्या लोकांना तो अर्पण केला. ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. सभांतून ती वारंवार सांगितलीही जाते. त्याच वर्षी, १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कोलफॅक्स नावाच्या लहानशा गावी काय झाले ते मात्र कोणी सांगत नाही. तेथील कचेरीच्या इमारतीत निवडून आलेल्या कारभाराच्या रक्षणासाठी कृष्णवर्णीय शेतकरी जमले होते. गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने त्यांना वेढा घातला, कचेरीला आग लावली आणि शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा आकडा कोणी साठ सांगतो, कोणी दीडशे. तीन वर्षांनी देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने आरोपींच्या शिक्षा रद्द ठरविल्या.

जोतीरावांचे अर्पण चुकले असे आम्ही म्हणत नाही. गुलामगिरी कायद्याने संपली होती, आणि ती संपविण्यासाठी माणसांनी रक्त सांडले होते. प्रश्न त्यापुढचा आहे. चाळीस लाख माणसे १८६५ साली मोकळी झाली; त्यांना नागरिकत्व मिळाले, पुरुषांना मताचा हक्क मिळाला; आणि बारा वर्षांच्या आत हे सारे त्यांच्या हातून काढून घ्यायला आरंभ झाला. हे घडले कसे? या प्रश्नाचे उत्तर ज्या इतिहासकाराने प्रथम धैर्याने दिले, त्याच्या ग्रंथाविषयी आज बोलायचे आहे. इतिहासकाराचे नाव डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आणि ग्रंथाचे नाव ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’. तो १९३५ साली निघाला.

आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत, पगारपत्रके आणि कोर्टाचे निवाडे वाचता वाचता झाले. सातशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ आम्ही शब्दकोश उशाला ठेवून चार महिन्यांत वाचला. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने नव्हे, तर संघटना बांधणाऱ्या माणसाला त्यात काय दिसले एवढेच सांगण्याचा आमचा मानस आहे.

ड्यू बॉइस यांचा जन्म १८६८ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन या गावचा. ते बर्लिनला शिकले, १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाचे डॉक्टर झाले आणि अटलांटा येथे अध्यापक होते. ते शिकत होते त्या काळी विद्यापीठांतून एकच इतिहास शिकविला जाई. तो असा: यादवी युद्धानंतर उत्तरेच्या पुढाऱ्यांनी सुडापोटी अडाणी काळ्या लोकांच्या हाती राज्य दिले; त्यांनी लूटमार केली; शेवटी दक्षिणेतल्या सभ्य गोऱ्यांनी आपला प्रांत सोडविला. कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग हे या मताचे आचार्य. १९१५ साली ‘बर्थ ऑफ अ नेशन’ या बोलपटापूर्वीच्या चित्रपटाने हेच मत घरोघर नेले. डॉ. आंबेडकर कोलंबियात शिकत होते तीच ही वर्षे.

या मताला ड्यू बॉइस यांनी जे उत्तर दिले त्याचा पाया एका साध्या गोष्टीवर आहे. काळा माणूस हा चारचौघांसारखा माणूस आहे आणि तो मजूर आहे, हे धरून ते लिहायला बसतात. ग्रंथाचे पहिले प्रकरण काळ्या मजुरावर, दुसरे गोऱ्या मजुरावर, तिसरे मळेवाल्यावर. सेनापती आणि अध्यक्ष नंतर येतात.

चौथ्या प्रकरणाला त्यांनी ‘सार्वत्रिक संप’ असे नाव दिले आहे. येथे आम्ही थबकलो. १८६१ च्या मे महिन्यात, युद्ध सुरू होऊन थोडे दिवस झाले असताना, व्हर्जिनियातील मन्रो किल्ल्याजवळ तीन गुलाम रात्री नावेतून पळून आले. बंडखोर सैन्यासाठी तोफांचा मोर्चा बांधण्याच्या कामाला त्यांना जुंपले होते. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस आला आणि पळालेले गुलाम परत करण्याचा कायदा दाखवू लागला. किल्ल्यावरचा सेनापती बटलर हा मूळचा वकील. त्याने सांगितले, तुमचे राज्य आम्ही परके असे तुम्हीच म्हणता, मग आमचा कायदा तुम्हांला कशाला हवा? शत्रूच्या उपयोगी पडणारा माल म्हणून त्याने ती माणसे ठेवून घेतली. माणसाला माल म्हणूनच सोडविले, हा त्यातला विनोद कडू आहे. पण बातमी पसरली. त्या तिघांमागे आठवड्याभरात डझनांनी, मग शेकड्यांनी, पुढे जिथे जिथे उत्तरेचे सैन्य पोहोचले तिथे हजारांनी माणसे मळे सोडून येऊ लागली. चार्ल्सटन बंदरात रॉबर्ट स्मॉल्स नावाच्या गुलाम सुकाणूवाल्याने १८६२ च्या मे महिन्यात कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली, नेहमीच्या खुणेच्या शिट्ट्या वाजवीत किल्ल्याच्या तोफांखालून आगबोट बाहेर काढली आणि बायकामुलांसकट ती उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केली. हा गृहस्थ पुढे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून आला.

ड्यू बॉइस यांचा हिशेब असा की सुमारे पाच लाख माणसांनी आपले श्रम मालकाकडून काढून घेतले आणि शत्रूच्या बाजूला नेऊन ठेवले. जवळजवळ एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले. दक्षिणेचे अन्न, दक्षिणेचे खंदक, दक्षिणेचा कापूस, सगळे याच हातांवर उभे होते. ते हात निघून गेल्यावर राज्य कोसळले.

आता याला संप म्हणावे काय? संप म्हटला की मागण्यांचा कागद असतो, कमिटी असते, फाटकावर माणसे असतात, संपफंड नाही म्हणून रडणारा खजिनदारही असतो. येथे त्यातले काही नव्हते. आमच्या मते ड्यू बॉइस यांनी शब्द ताणला आहे. तसाच त्यांनी दक्षिण कॅरोलिनाच्या प्रकरणातही तो ताणला होता. तेथे ‘काळ्या श्रमिकांची हुकूमशाही’ असे नाव देण्याचा त्यांचा विचार होता, मित्रांच्या सांगण्यावरून तो त्यांनी सोडला. परंतु नाव बाजूला ठेवले तरी ज्या गोष्टीकडे त्यांनी बोट दाखविले ती खरी आहे. लिंकनने घोषणा केली आणि गुलाम मोकळे झाले, एवढेच आम्हांला शाळेत शिकविले गेले. घोषणा १ जानेवारी १८६३ ची. नावेतले तीन गडी त्याआधी दीड वर्ष निघाले होते.

जाता जाता एक सांगतो. या युद्धाची धग आपल्या मुंबईलाही लागली होती. अमेरिकेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरचे माग बंद पडू लागले आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बँका निघाल्या, समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध थांबल्याची बातमी आली आणि तो सगळा डोलारा खाली बसला. एवढी उलथापालथ सोसलेल्या शहराच्या इतिहासात प्रेमचंद रायचंद यांचे नाव आहे. मळे सोडून गेलेल्या माणसांचा उल्लेख क्वचितच सापडतो.

असो. मोकळे झालेल्या माणसाला काय पाहिजे होते? याविषयी तर्क करण्याचे कारणच नाही, कारण ते त्यांना विचारले गेले होते. १२ जानेवारी १८६५ रोजी जॉर्जियातील सवाना शहरात सेनापती शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावले. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझियर नावाचे सदुसष्ट वर्षांचे वृद्ध गृहस्थ बोलले. त्यांनी आठ वर्षांपूर्वी स्वतःला आणि पत्नीला एक हजार डॉलर मोजून विकत घेतले होते. त्यांचे उत्तर थोडक्यात असे होते की आम्हांला जमीन द्या, आम्ही ती आपल्या हातांनी कसू आणि आपले पोट भरू. चौथ्या दिवशी शर्मनचा हुकूम निघाला: किनाऱ्यालगतची आणि बेटांवरची मळेवाल्यांनी सोडलेली जमीन या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत वाटून द्यावी. सुमारे चाळीस हजार माणसे चार लाख एकरांवर बसली. त्यांनी पेरणी केली, पंचायती केल्या.

एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला. नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोरांना माफी देण्याचा सपाटा लावला आणि माफीबरोबर जमीनही परत दिली. ऑक्टोबरात एडिस्टो बेटावर ही वार्ता सांगायला सेनापती हॉवर्ड यांना पाठविले गेले. हॉवर्ड हे भले गृहस्थ, मुक्त झालेल्यांच्या मदतखात्याचे प्रमुख. युद्धात त्यांचा उजवा हात गेला होता. चर्चमध्ये माणसे दाटली होती. जुन्या मालकांना क्षमा करा आणि त्यांच्याकडे मजुरीने राहा, असे हॉवर्ड यांनी सांगितले. लोकांनी तिघांची समिती नेमली आणि लेखी उत्तर दिले. ज्याने झाडाला बांधून एकोणचाळीस फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला फटके मारले, आणि जो आता मला रिकाम्या झोपडीतही राहू देत नाही, त्याला क्षमा कशी करू, असा त्यातला भाव होता. आम्ही आयुष्यात पुष्कळ निवेदने लिहिली. इतके सरळ निवेदन आम्हांला साधलेले नाही. जमीन गेली ती गेली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मिसिसिपी राज्याने कायदे केले. दर जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी प्रत्येक काळ्या माणसाजवळ काम असल्याचा लेखी पुरावा हवा. मुदतीआधी काम सोडले तर तोपर्यंतची वर्षाची मजुरी बुडाली. गावाबाहेर जमीन खंडाने घ्यायची नाही. रिकामा सापडला तर भटक्या म्हणून दंड. दंड भरता आला नाही तर जो भरील त्याच्याकडे राबायचे. आणि दंड भरायला पुढे कोण येणार, हे सांगायला नकोच. ज्यांनी ऊसतोडीची उचल किंवा सावकाराची वही पाहिली आहे त्यांना या यंत्राची कळ कोठे आहे ते चटकन समजेल. बेडीची जागा कागदाने घेतली होती.

या कायद्यांचा उत्तरेत संताप झाला. काँग्रेसने १८६७ मध्ये दक्षिणेत लष्करी अंमल बसविला आणि काळ्या पुरुषांना मत दिले. येथून जी राज्ये चालली तीच डनिंगपंथीयांची लुटारू राज्ये. दक्षिण कॅरोलिनाची घटना करायला १८६८ च्या जानेवारीत चार्ल्सटनला जी सभा बसली तिच्यातील १२४ प्रतिनिधींपैकी ७६ काळे होते. त्यांनी काय लुटले? सर्वांसाठी सरकारी शाळा त्यांनी सुरू केल्या. गोऱ्या गरिबाचे पोरही त्यातूनच शिकले. कर्जासाठी तुरुंग बंद केला. लग्न झालेल्या स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर हक्क दिला. लाचलुचपत झाली, हे ड्यू बॉइस नाकारीत नाहीत. पण त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये ट्वीड नावाच्या गोऱ्या पुढाऱ्याची टोळी नगरपालिका धुऊन नेत होती, आणि त्यावरून गोऱ्यांना मत देऊ नये असा सिद्धांत कोणी मांडला नाही.

मग हे राज्य बुडाले का? येथे ग्रंथाचा गाभा आहे आणि येथेच तो आमच्यासारख्यांना झोंबतो. दक्षिणेत गरीब गोरे मजूर लाखांनी होते. त्यांच्याजवळही जमीन नव्हती, मजुरी अपुरी होती. काळ्या मजुराशी हातमिळवणी करणे यातच त्यांचा लाभ होता. त्यांनी तसे केले नाही. का? ड्यू बॉइस म्हणतात, गोऱ्या मजुराला पैशाची मजुरी कमी मिळे, पण तिच्यावर एक वेगळी मजुरी मिळे, ती मानाची. रस्त्यात त्याला अदबीने वागवीत, बागेत जाऊ देत, त्याच्या पोरांच्या शाळा बऱ्या असत, पोलीस त्याच्या जातभाईंतून निवडीत, कोर्टात त्याला सांभाळून घेत. ही मजुरी मालकाच्या खिशातून एक पैसाही जात नाही. ती काळ्या माणसाच्या अपमानातून दिली जाते. आणि तिच्या गोडीने पगारवाढीचा लढा निजून राहतो.

उदाहरण बाल्टिमोरचे घ्या. जहाजाच्या फळ्यांच्या फटी बुजविण्याच्या कामात तेथे काळे कारागीर वाकबगार होते. फ्रेडरिक डग्लस गुलाम असताना हेच काम शिकले आणि गोऱ्या उमेदवारांचा मार त्यांनी तेथेच खाल्ला. १८६५ मध्ये गोऱ्या कारागिरांनी संप केला. मागणी पगाराची नव्हती. काळ्यांना गोदीतून काढा, ही होती. मालकांनी ती मान्य केली. असा संप यशस्वी व्हायला वेळ लागत नाही. काढलेल्यांपैकी आयझॅक मायर्स नावाच्या कारागिराने आपल्या लोकांत भाग विकून पैसा उभा केला आणि सहकारी गोदीच काढली. तीनशेवर माणसांना तिने काम दिले आणि ती १८८४ पर्यंत चालली. हेच मायर्स १८६९ साली फिलाडेल्फियाला गोऱ्या कामगारांच्या राष्ट्रीय परिषदेत एकीचे आवाहन करून आले. टाळ्या मिळाल्या, आणि तुमची वेगळी संघटना काढा असा सल्ला मिळाला. डिसेंबरात वॉशिंग्टनला काळ्या कामगारांची राष्ट्रीय संघटना निघाली. दोन्ही संघटना थोड्या वर्षांत विरल्या.

हे ऐकून अमेरिकेतल्या गोऱ्या मजुराला नावे ठेवणे सोपे आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत साचेखात्यात अस्पृश्य कामगाराला पिढ्यान्‌पिढ्या घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याच्या तोंडाचा धोटा दुसरा घेणार नाही, हे कारण. साचेखात्याचा पगार बरा. तो त्रासनखात्यात राहिला. हा नियम मालकाने दडपणाने लादलेला नव्हता, कामगारांनीच राखलेला होता, आणि मालकाला त्याची तक्रार नव्हती. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला तेव्हा त्यांनी तो नाखुशीने मागण्यांत घेतला. ज्याला मानाची मजुरी म्हणतात ती आपल्याकडे कोणत्या नाण्यात मिळे, हे यावरून ध्यानात यावे.

१८७६ ची अध्यक्षीय निवडणूक वादात सापडली. तडजोड होऊन हेज अध्यक्ष झाले आणि १८७७ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेतल्या शेवटच्या दोन राज्यांच्या राजभवनांवरचे सैनिक त्यांनी काढून घेतले. काळ्या मतदाराच्या रक्षणाला सैन्य वापरणे बरे नव्हे, असे ठरले. जुलैमध्ये आगगाडीच्या कामगारांची मजुरी दहा टक्क्यांनी कापली गेली, वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्गला संप सुरू झाला आणि देशभर पसरला. त्याच अध्यक्षांनी तो मोडायला सैन्य पाठविले. सुमारे शंभर माणसे मेली. एप्रिलचा निर्णय आणि जुलैचा निर्णय आम्ही एकाच पानावर वाचतो.

पुढचे थोडक्यात सांगतो. जमीन नसलेले लोक बटाईने कसू लागले. उभ्या पिकावर दुकानदाराचे तारण आणि वर्षाअखेरी बाकी तशीच. कैद्यांना कंत्राटाने मळ्यांत आणि खाणींत द्यायचा धंदा निघाला. १८९० पासून राज्यांनी घटना बदलून मते काढून घेतली. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये १,३४२ उरले. मताचा हक्क घटनेत १८७० साली लिहिलेला होता; तो अमलात आणणारा कायदा १९६५ साली झाला.

ग्रंथाचे शेवटचे प्रकरण इतिहासकारांवर आहे. आम्हांला तेच अधिक मोलाचे वाटते. १९२९ च्या ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’साठी ड्यू बॉइस यांच्याकडून लेख मागविला होता. त्यांनी या बारा वर्षांविषयी जे लिहिले ते संपादकाने गाळले; तेव्हा त्यांनी लेखच परत घेतला. त्याआधी १९१० साली इतिहासकारांच्या मुख्य नियतकालिकात त्यांचा लेख आला, त्या वेळी ‘निग्रो’ या शब्दाचे पहिले अक्षर मोठे छापावे एवढी त्यांची विनंती होती. तीही नाकारली गेली. आपल्या लिपीत लहानमोठे अक्षर नाही, म्हणून यातली बोच आपल्याला पटकन कळत नाही. पण देशांची आणि जातींची नावे मोठ्या अक्षराने लिहिणाऱ्या भाषेत एकाच जमातीला लहान अक्षर देणे म्हणजे अरेतुरे करणेच होय. ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ निघाले तेव्हा त्याच नियतकालिकाने त्याचे परीक्षण छापले नाही.

ग्रंथात उणिवा आहेत. दक्षिणेतली मूळ दप्तरे ड्यू बॉइस यांनी तपासली नाहीत. सरकारी अहवाल, काँग्रेसमधल्या चर्चा आणि इतरांचे प्रबंध यांवरच त्यांचा भर आहे. भाषा कधी कधी प्रवचनाकडे झुकते. बायका फार थोड्या दिसतात. मिसिसिपीतील जॅक्सन शहराच्या धोबिणींनी १८६६ च्या जूनमध्ये एकमताने धुलाईचे दर ठरवून महापौरांना कळविले होते. अटलांटात १८८१ च्या जुलैत वीस धोबिणींनी संघ काढला. तीन आठवड्यांत संपात तीन हजार बायका होत्या. प्रत्येकीवर पंचवीस डॉलरांचा परवाना बसवू, असा धाक नगरपालिकेने घातला. परवान्याचे पैसे भरू, पण मग शहराची धुलाई आमच्या ताब्यात आणि दर आमचे, असे त्यांनी उलट कळविले. मन्रो किल्ल्यावरून आरंभलेली कथा ड्यू बॉइस यांनी इथपर्यंत आणलेली नाही. ते काम टेरा हंटर या विदुषीने १९९७ साली केले. त्याआधी १९८८ मध्ये एरिक फोनर यांनी दप्तरे धुंडाळून या काळाचा मोठा इतिहास लिहिला, आणि मूळ मांडणी बव्हंशी ड्यू बॉइस यांचीच उभी राहिली. तो दिवस पाहायला ते नव्हते. २७ ऑगस्ट १९६३ रोजी घानातील अक्रा शहरी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते वारले; दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनला समान हक्कांसाठी मोठा मोर्चा निघाला आणि तेथे ही बातमी सांगण्यात आली.

कोलफॅक्स गावी १९५० च्या सुमारास सरकारी फलक लागला. त्यावर त्या कत्तलीला दंगल म्हटले होते आणि तिने बाहेरच्यांचा गैरकारभार संपविला, असे अभिमानाने लिहिले होते. तो फलक २०२१ च्या मे महिन्यात उतरविला गेला. ज्यांना सातशे पाने झेपणार नाहीत त्यांनी ग्रंथाचे शेवटचे प्रकरण आधी वाचावे, मग चौथे, आणि मग वेळ मिळेल तसे पहिल्यापासून.